नांगर टाकण्याची विद्या

शिडाच्या लहान नौकांतून समुद्रप्रवास करणाऱ्यांच्या कथा ऐकल्या म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उंच लाटा, फाटलेलीं शिडें आणि खवळलेला महासागर उभा राहतो. परंतु एकाद्या मुरलेल्या नाविकास विचारलें तर तो निराळेंच उत्तर देईल. खोल समुद्रांत नौकेला भय थोडें. तिचा घात बहुधा जमिनीजवळ होतो, आणि त्यांतही ज्या रात्रीं सर्व मंडळी आपण सुखरूप पोंचलों असें समजून निजलेली असतात, त्या रात्रीं होतो. नौकेवर नांगर नव्हता असें क्वचितच घडतें. नांगर होता, तो पाण्यांत टाकलाही होता. पण तळाशीं तो रुतला आहे कीं नुसता आडवा पडला आहे, हें कोणीं पाहिलें नव्हतें. कॅरिबियन समुद्रांतील बेटांत हिंडणाऱ्या नौकांच्या बाबतींत हें फार खरें आहे. म्हणून नांगर टाकण्याच्या विद्येचा विचार तेथील उदाहरणांवरून करणें सोयीचें होईल.

कॅरिबियन समुद्राच्या पूर्वेच्या कडेला व्हर्जिन बेटांपासून ग्रेनाडापर्यंत लहान लहान बेटांची एक कमान पसरली आहे. ईशान्येकडून व पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे तेथें बहुतेक वर्षभर वाहतात; त्यांचा वेग सामान्यतः ताशीं १५ ते २० सागरी मैल असतो, आणि नाताळच्या सुमारास तो २५ ते ३० पर्यंतही चढतो. डिसेंबरपासून मेपर्यंतच्या हंगामांत यूरोप-अमेरिकेंतील असंख्य नौका या बेटांत येतात. धक्का असलेलीं बंदरें थोडीं, आणि किनाऱ्याचे सुंदर बांक पुष्कळ. यामुळें या प्रवाशांच्या बहुतेक रात्री नांगरावरच जातात. एका गोष्टींत मात्र निसर्ग त्यांना अनुकूल आहे. मुंबईच्या बंदरांत उधाणाच्या भरतीला पाणी ४ ते ५ मीटर चढतें-उतरतें. पूर्व कॅरिबियनमध्यें हा फरक अर्ध्या मीटरच्या आसपासच असतो. सायंकाळीं मोजलेली खोली पहाटेपर्यंत जवळजवळ तशीच राहते.

वारा पूर्वेचा म्हणून आसरा पश्चिमेला, हा तेथील पहिला नियम. बेटाच्या पूर्व अंगावर अटलांटिकच्या लाटा आदळत असतात. पश्चिमेचा किनारा त्या मानानें शांत असतो. पण या नियमाला तीन अपवाद आहेत, आणि नवख्याची फसगत त्यांतच होते. पहिला अपवाद डोंगरांचा. डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट यांसारख्या उंच बेटांच्या आडोशाला वारा सरळ येत नाहीं. तो डोंगरावरून धाडकन खालीं कोसळतो, मध्येंच पडतो, आणि केव्हां केव्हां तर उलट पश्चिमेकडून येऊन नौकेची नाळ समुद्राकडे व पिछाडी किनाऱ्याकडे वळवितो. दुसरा अपवाद लाटेचा. हिंवाळ्यांत उत्तर अटलांटिकमध्यें वादळें झालीं म्हणजे त्यांच्या लाटा हजारों मैलांचा प्रवास करून या बेटांपर्यंत येतात. येथें आकाश निरभ्र असतें, वाराही मंद असतो, आणि तरीही उत्तरेला तोंड असलेल्या बांकांत रात्रींतून मोठ्या लाटा फुटूं लागतात. तिसरा अपवाद निवाऱ्याचा. कांहीं ठिकाणीं रात्रीं वारा पडतो आणि प्रत्येक नौका प्रवाहाप्रमाणें वाटेल तिकडे तोंड करून हिंडूं लागते. म्हणून नांगराची जागा निवडण्यापूर्वीं हवामानाचें वृत्त ऐकावें. त्यांत वाऱ्याबरोबर उत्तरेकडील लाटेचा उल्लेख आहे काय, हें मुद्दाम पाहावें.

जागा ठरली म्हणजे वेळेचा प्रश्न येतो. प्रवाळाच्या समुद्रांत सूर्य हा सर्वांत चांगला वाटाड्या होय. तो डोक्यावर व शक्यतों पाठीशीं असला म्हणजे पाण्याचा रंग वाचतां येतो. गर्द निळें पाणी खोल असतें. फिकट हिरवें किंवा पांढुरकें पाणी उथळ असून त्याखालीं वाळू असते. काळपट हिरवा डाग गवताचा. आणि तपकिरी किंवा पिवळसर डाग दिसला कीं तेथें प्रवाळाचा खडक वर आलेला आहे असें समजून दूर राहावें. सूर्य मावळतीकडे झुकून डोळ्यांसमोर आला म्हणजे हे सगळे रंग एका झगझगीत पत्र्याखालीं लपतात. खोली मोजणारें यंत्र नौकेखालीं किती पाणी आहे एवढेंच सांगतें. नाळेपुढें काय आहे हें सांगत नाहीं. यासाठीं अनोळखी जागीं दुपारीं तीनच्या आंत पोंचावें असा जाणत्यांचा परिपाठ आहे. उशीर झाला तर अंधारांत आंत शिरण्यापेक्षां रात्र मोकळ्या समुद्रावर काढणें शहाणपणाचें.

आतां प्रत्यक्ष नांगराकडे वळूं. नांगर आपल्या वजनानें नौका धरून ठेवतो ही समजूत जुनी आहे व तितकीच चुकीची आहे. १२ मीटर लांबीच्या नौकेचें वजन साधारण १० टन असतें, आणि तिचा नांगर २० ते २५ किलोंचा. तो आपल्या भारानें तिला काय थोपविणार? मराठींत शेताचें अवजार आणि जहाजाचें लोखंड या दोहोंना एकच नांव आहे, आणि त्या नांवांतच या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. जहाजाचा नांगरही जमिनींत शिरला तरच उपयोगाचा. १९३३ सालीं जी. आय. टेलर या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानें जो नवा नांगर काढला, त्याचा फाळ अगदीं शेतांतील नांगरासारखा होता; ओढ बसली कीं तो तळांत खोल खोल जाई. पुढें या आकृतींत सुधारणा होत गेल्या, आणि एकविसाव्या शतकांत पाठीवर कमानदार कडी असलेले, कसेही पडले तरी उलटून फाळावर येणारे नांगर पुष्कळ नौकांवर दिसूं लागले. परंतु तत्त्व तेंच राहिलें. ओढ जमिनीला समांतर असेल तर फाळ रुततो. ओढ वरच्या दिशेनें लागली तर तोच फाळ उपटून निघतो.

ओढ समांतर ठेवण्याचें काम साखळीचें. ती लांब सोडली म्हणजे तिचा बराच भाग तळावर लोळतो व नांगराला आडवें खेंचतो. किती सोडावी याचा हिशेब सोपा आहे, पण त्यांत एक चूक नेहमीं होते. पाण्याची खोली धरतात, आणि नाळेची पाण्यावरील उंची विसरतात. खोली ५ मीटर व नाळ पाण्यापासून १ मीटर उंच असेल तर आंकडा ६ चा धरावा. त्याच्या पांचपट म्हणजे ३० मीटर साखळी साध्या वाऱ्यांत सोडावी, आणि वारा वाढण्याचें चिन्ह असेल तर सातपट म्हणजे ४२ मीटर. साखळीऐवजीं बव्हंशीं दोरच असेल तर सातपटीहून कमी कधींच सोडूं नये, कारण दोराला तळावर लोळण्याइतकें वजन नसतें. येथें आणखी एक गणित ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे नौकेवरील त्याचा जोर चौपट होतो. सायंकाळीं १५ मैलांच्या वाऱ्यांत भक्कम वाटलेला नांगर मध्यरात्रीं ३० मैलांच्या झोतांत चौपट ओढ सोसत असतो. तशा वाऱ्यांत साखळीही ताठ होते, आणि प्रत्येक हिसका थेट फाळापर्यंत पोंचतो. तो हिसका खाण्यासाठीं ८ ते १० मीटर नायलॉनचा जाड दोर साखळीला आंकड्यानें अडकवून नाळेवर बांधतात व साखळी त्यामागें थोडी ढिली सोडतात. नायलॉन ताणतो व सैलावतो. नौकेलाही आराम, नांगरालाही आराम. मात्र हा दोर नाळेच्या कडेवर घासूं नये म्हणून त्याला कापडाची किंवा रबराची गवसणी घालावी.

कृतीचा क्रम असा. प्रथम जागेभोंवतीं सावकाश एक फेरी मारून खोली पाहावी व आधीं उभ्या असलेल्या नौका कशा वळतात तें न्याहाळावें. मग वाऱ्याकडे तोंड करून, तळावर वाळूचा स्वच्छ पांढरा पट्टा दिसेल तेथें नौका पूर्ण थांबवावी. नौका वाऱ्यानें मागें सरकूं लागली कीं नांगर हळूच तळापर्यंत उतरवावा आणि मागें सरकण्याच्या वेगानेंच साखळी सोडीत जावें. सगळी साखळी एकदम ओतली तर तिचा ढीग नांगरावरच पडतो व फाळ त्यांत गुरफटतो. ठरलेली लांबी गेली म्हणजे साखळी अडकवावी आणि इंजिन उलट, आधीं अगदीं मंद, नंतर क्रमानें जोरानें चालवावें. त्या वेळीं किनाऱ्यावरील दोन खुणा, एक जवळची व एक लांबची, एका रेषेंत धरून ठेवाव्या. जोर वाढवूनही रेषा मोडली नाहीं तर नांगर रुतला. साखळीवर हात ठेवला तरीही कळतें. ती स्थिर असेल तर ठीक. ती थरथरत व ठेंचकाळत असेल तर नांगर तळावरून घसरत चालला आहे. अशा वेळीं मनाची समजूत घालूं नये. नांगर उचलून पुन्हां टाकावा. तीनदां टाकावा लागला तरी त्यांत कमीपणा नाहीं.

कॅरिबियन पाणी उबदार व पारदर्शक आहे, हा तेथील नाविकाला मिळालेला मोठा लाभ होय. पाण्यांत पाहण्याचा चष्मा लावून साखळीच्या वरून पोहत जावें आणि फाळ डोळ्यांनीं पाहावा. तो वाळूंत पूर्ण गाडला गेला असेल तर रात्रीं निर्धास्त निजावें. तो दगडाच्या कपारींत अडकलेला दिसला तर तें यश मानूं नये. वारा फिरला कीं तो निसटतो, अथवा असा अडकतो कीं उचलतांच येत नाहीं.

नौका नांगराभोंवतीं वर्तुळांत फिरते, आणि तें वर्तुळ सोडलेल्या साखळीइतकें मोठें असतें. समुद्रावरचा शिष्टाचार असा कीं, जो आधीं आला त्याचें वर्तुळ प्रथम. नंतर येणाऱ्यानें त्याला जागा ठेवावी, आणि पुढें अडचण झाली तर नंतर आलेल्यानेंच हलावें. शेजाऱ्यानें किती साखळी सोडली आहे हें विचारण्यांत संकोच मानूं नये. जड तळाची एकतनूची नौका व हलकी जोडतनूची नौका वाऱ्यांत सारख्या वळत नाहींत, आणि बोयाला बांधलेली नौका तर जवळजवळ जागच्या जागींच फिरते. तिच्या शेजारीं ४० मीटर साखळीवर उभें राहणें म्हणजे मध्यरात्रींच्या टकरीला आमंत्रण देणें होय.

येथपर्यंत विचार झाला तो नौकेच्या हिताचा. परंतु नांगराच्या दुसऱ्या टोंकालाही एक जिवंत जग आहे, आणि त्याची हानि नौकेवर बसून दिसत नाहीं. प्रवाळाचे मोठे गोळे वर्षाला कांहीं मिलिमीटरच वाढतात. शतकभर वाढलेला गोळा एका फेंकलेल्या नांगरानें क्षणांत फुटतो. साखळीचें नुकसान तर नांगराहूनही अधिक, कारण ती रात्रभर वर्तुळांत तळ झाडीत असते. सांबराच्या शिंगासारखें शाखा फुटलेलें प्रवाळ कॅरिबियनमध्यें १९८० नंतर रोगांनीं व उष्णतेनें इतकें ओसरलें आहे कीं, उरलेला प्रत्येक ताटवा मोलाचा झाला आहे. कासवें ज्यावर चरतात तें समुद्रगवतही नांगराच्या ओरखड्यांतून भरून यायला वर्षें घेतें. गवताची आणखी एक कथा सांगण्यासारखी आहे. तांबड्या समुद्रांत व हिंदी महासागरांत वाढणारें एक बारीक पानांचें समुद्रगवत २००२ सालीं ग्रेनाडाजवळ प्रथम आढळलें. त्याचा एवढासा तुकडा तुटून दुसरीकडे पडला तरी मूळ धरतो. नांगरांना व साखळ्यांना चिकटून तें नौकांबरोबर बेटामागून बेट चढत गेलें, आणि अनेक बांकांत त्यानें तेथील मूळ गवताला मागें सारलें. म्हणून नांगर उचलतांना त्यावरील गवत व चिखल जागच्या जागींच धुवून टाकावा. गवतावर नांगर टाकण्यांत नौकेचाही लाभ नाहीं. फाळ पानांवरून घसरतो किंवा मुळांची गांठ घेऊन वर येतो. वाळूचा पट्टा शोधण्यांत नौकेचें हित व समुद्राचें हित एकच आहे.

याच कारणानें कित्येक ठिकाणीं नांगर टाकण्यास बंदी असून नौका बोयाला बांधाव्या लागतात. बोनेर बेटाभोंवतीं १९७९ पासून सागरी उद्यान आहे. तेथें पाहुण्या नौकांना नांगर टाकतां येत नाहीं. सेंट लुशियांत सूफ्रिएर गांवाजवळचा किनारा १९९५ पासून असाच राखलेला आहे. ग्रो पितों व पेती पितों या साडेसातशें मीटरांच्या आसपास उंचीच्या दोन सुळक्यांमध्यें तळ इतका झपाट्यानें खोल जातो कीं, नांगरापेक्षां बोयाच तेथें सुरक्षित. तथापि सुळक्यांमधून उतरणारे वाऱ्याचे झोत तेथेंही झोप उडवितातच. सेंट व्हिन्सेंटच्या टोबॅगो केज या निर्जन बेटांपाशीं हॉर्सशू नांवाची प्रवाळाची भिंत लाटा अडविते, वारा मात्र अडवीत नाहीं. तिच्यापलीकडे आफ्रिकेपर्यंत मोकळा अटलांटिक. तेथें वाळू चांगली आहे, पण साखळी सढळ हातानें सोडली पाहिजे, आणि कासवांच्या चरण्याच्या जागेंत शिरतां कामा नये.

बोया दिसला म्हणजे तो भक्कमच असेल असें मात्र समजूं नये. पाण्यावर तरंगणारा गोळा नवा व रंगविलेला असतो. खालीं त्याला धरणारें काय आहे तें पाहिल्यावांचून कळत नाहीं. तळांत खोल पिळून बसविलेला लोखंडी स्क्रू असेल तर उत्तम; काँक्रीटचा मोठा ठोकळा असेल तर बरा; जुन्या इंजिनाचें धूड दोरानें बांधलेलें असेल तर तेथून निघावें. साखळी झिजते ती तळाजवळ, जेथें ती सतत वाळूवर घासत असते. तीच कडी पोहून पाहावी. बांधतांना आपलाच दोर बोयाच्या फांसांतून ओंवून त्याच बाजूच्या खुंट्याला परत आणावा, व दुसऱ्या बाजूला दुसरा दोर तसाच घ्यावा. एकच दोर एका बाजूनें जाऊन दुसऱ्या बाजूनें परत आला तर नौका डुलतांना तो करवतीसारखा मागेंपुढें घासतो व पहाटेपर्यंत तुटतो. बांधून झाल्यावर येथेंही इंजिन उलट चालवून ओढ घ्यावी.

पुष्कळ बेटांत गांवचे होडीवाले नौका दिसतांच पुढें येतात व बोया दाखवितात. त्यांच्याशीं सौजन्यानें बोलावें, दर आधीं ठरवावा, बोया कोणाचा तें विचारावें, आणि पाहिल्यावर पैसे द्यावे. डॉमिनिकांतील पोर्ट्समथ येथें अशा होडीवाल्यांनीं आपली संघटना करून बोयांची निगा व रात्रींची गस्त आपल्याकडे घेतली आहे. पाहुण्या नौकेनें दिलेला पैसा तेथें तिच्याच संरक्षणाला लागतो.

जेथें तळ एकदम खोल जातो, उदाहरणार्थ सेंट व्हिन्सेंटच्या वालिलाबू येथें, तेथें पुढें नांगर टाकून पिछाडीचा दोर किनाऱ्यावर बांधतात. हा दोर कोणत्या झाडाला बांधावा हेंही पाहावें लागतें. तेथील किनाऱ्यांवर मँचिनील नांवाचें एक झाड असतें. त्याला लहान सफरचंदासारखीं हिरवीं फळें येतात. त्याचा पांढरा चीक कातडी भाजून काढतो, फळ तर अत्यंत विषारी, आणि पावसांत त्याखालीं उभें राहिलें तरी अंगावर फोड येतात. नारळीचा बुंधा शोधावा, हें बरें.

रात्र पडतांच सर्व दिशांनीं दिसणारा पांढरा दिवा वर टांगावा. दिवसा त्याच कामाला काळा गोळा असतो. नुसत्या सुशोभित दिव्यांनीं नियम पाळला जात नाहीं. उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या यंत्रांत वर्तुळाची मर्यादा घालून ठेवली तर नौका सरकतांच तें घंटा वाजवितें. पण नांगर जेथें पडला त्या क्षणींच तें स्थान नोंदलें पाहिजे, नौका मागें गेल्यावर नव्हे. निजण्यापूर्वीं अंधारांत दिसतील अशा दोन खुणांची दिशा कागदावर लिहून ठेवावी, आणि बाहेर जाण्याची वाट होकायंत्राच्या अंशांत काढून ठेवावी. घंटा वाजली तर प्रथम इंजिन सुरू करावें, मग जागा असल्यास साखळी वाढवावी, आणि तेवढ्यानें भागत नसेल तर नांगर उचलून मोकळ्या पाण्यांत निघून जावें. झोपेंतून उठलेल्या माणसाला विचार सुचत नाहीं. त्याला सायंकाळीं करून ठेवलेला विचारच उपयोगी पडतो.

या सर्व विद्येला एक सीमा आहे, आणि ती मोकळेपणानें सांगितली पाहिजे. चक्रीवादळापुढें नांगराचा आधार पुरत नाहीं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्या वादळांचा काळ. १९९५ च्या सप्टेंबरांत लुइस वादळ सेंट मार्टिनवर आलें तेव्हां तेथील बंदिस्त सरोवरांत आसऱ्याला आलेल्या शेंकडों नौका बुडाल्या किंवा किनाऱ्यावर चढल्या. सरोवर बंदिस्त होतें, लाट मोठी नव्हती. परंतु गर्दीमध्यें एकीचा नांगर सुटला कीं ती दुसरीवर जाई आणि दोघी मिळून तिसरीवर. १ जुलै २०२४ रोजीं बेरिल वादळ कॅरिआकू बेटावरून गेलें, तेव्हां खारफुटीच्या दाट राईंत दोर बांधून लपविलेल्या नौकांचीही तीच गत झाली. खारफुटी हा तेथील जुना व नांवाजलेला आसरा. पण वाऱ्याचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे कोणताच दोर टिकत नाहीं. म्हणून त्या महिन्यांत वादळाच्या पट्ट्याबाहेर जावें, अथवा नौका जमिनीवर काढून बांधून ठेवावी. आणि वेळ आलीच तर नौकेचा मोह सोडून माणसांनीं आधीं पक्क्या घराचा आसरा घ्यावा. नौका पुन्हां मिळते.

सकाळीं निघतांना साखळी सावकाश गोळा करावी, नौका नांगराच्या बरोबर वर आणावी, आणि तो सरळ वर सुटेपर्यंत धीर धरावा. इंजिनाच्या जोरानें त्याला तळावरून फरपटत नेऊं नये. नांगर धुवून जागीं बसविला कीं प्रवास पुढें सुरू. मागें वाळूंत फाळाएवढा एक खड्डा राहतो, आणि दोन-चार दिवसांत पाणी तोही भरून टाकतें. आदल्या सायंकाळीं दिलेला एक तास असा दोन्ही बाजूंनीं फळाला येतो. नौकेवरची मंडळी रात्रभर निजलेली असतात, आणि तळावरचें जग जसें होतें तसेंच राहिलेलें असतें.